बेवारशी पाळण्याचे दप्तर

आईबापांविना राहिलेल्या मुलाला मराठीत तीन नावे आहेत, आणि तिन्हींची कुळे वेगवेगळी आहेत. संस्कृतातून आलेला 'अनाथ' हा शब्द त्या मुलाचा रक्षणकर्ता नाहीसा झाला एवढेच सांगून थांबतो. फारसीच्या वाटेने कचेरीत आणि कचेरीतून लोकांच्या तोंडी उतरलेला 'बेवारशी' हा शब्द मुलाकडे व रस्त्यात सापडलेल्या गाठोड्याकडे एकाच नजरेने पाहतो, कारण ज्यावर कोणी हक्क सांगत नाही अशा चीजवस्तूची नोंद करण्यासाठीच तो घडलेला आहे. आणि माजघरात, चुलीपाशी, बायकांच्या बोलण्यात येणारा 'पोरका' हा शब्द मात्र त्या मुलाच्या आतल्या अवस्थेविषयी काही सांगू पाहतो, कारण भरल्या घरातही माणसाला पोरके वाटू शकते, बेवारशी वाटत नाही. टाकलेल्या मुलांना आसरा देणाऱ्या संस्थांचा साडेपाच शतकांचा इतिहास चाळू गेल्यास असे आढळते, की त्यांनी बेवारशी मुलाची नोंद उत्तम ठेवली, अनाथ मुलाला छप्पर व अन्न दिले, पण पोरक्या मुलाला ओळखण्याची दृष्टी यावयास विसावे शतक मध्यावर यावे लागले; आणि हे पोरकेपण मनात न थांबता शरीराच्या पेशीपेशीत उतरते व तिथे वयाच्या हिशेबात आपली वेगळी रक्कम मांडते, ही गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या पंधरावीस वर्षांत उघड होऊ लागली आहे.

इटलीतल्या फ्लॉरेन्स नगरात रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली एका इमारतीचे काम सुरू केले. ते फिलिप्पो ब्रुनेलेस्की या स्थापत्यविशारदाकडे होते, आणि तिच्या दर्शनी ओवरीतले सडपातळ खांब व त्यांवर तोललेल्या अर्धवर्तुळाकार कमानी यांपासून युरोपच्या स्थापत्यातील प्रबोधनयुग मोजण्याचा प्रघात पुढे पडला. परंतु इतका रेखीव थाट ज्यांच्यासाठी मांडला होता ती माणसे धड हातभर लांबीचीही नव्हती. हेरोद राजाने ठार करविलेल्या बालकांचे स्मरण म्हणून त्या वास्तूला 'निष्पापांचे आश्रयस्थान' असे नाव होते. १४४५ च्या ५ फेब्रुवारीस तेथे पहिली मुलगी दाखल झाली; तो दिवस संत अगाथेच्या सणाचा, म्हणून अगाता, आणि त्याला जोडून स्मेराल्दा, असे तिचे नाव वहीत लिहिले गेले. मूल कोणत्या वेळी आले, अंगावर कसले फडके होते, गळ्यात काय बांधले होते, सोबत चिठ्ठी होती की नाही, हा तपशील टिपून ठेवण्याचा त्या संस्थेचा शिरस्ता होता, आणि तो इतका काटेकोर की त्या वह्यांतून एकेका मुलाचा माग आजही काढता येतो. आई केव्हातरी परत येईल आणि खूण सांगून आपले मूल मागेल, ही शक्यता लिहिणाऱ्या कारकुनाने गृहीत धरलेली होती. पुढे चाळीसएक वर्षांनी आंद्रेआ देल्ला रोब्बिया या शिल्पकाराने कमानींच्या मधल्या जागांत निळ्या झिलईची मातीची गोल शिल्पे बसवली, आणि प्रत्येक वर्तुळात, बाळंत्यात आवळून बांधलेले, दोन्ही हात पसरून उभे असलेले एक शुभ्र मूल घडवले. ते हात कोणीतरी उचलून घ्यावे म्हणून पसरलेले आहेत, असेच मला त्यांची चित्रे पाहताना वाटत आले आहे.

इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या अशा अनेक संस्थांच्या भिंतीत एक लाकडी चक्र बसवलेले असे. उभे पिंप, त्याची अर्धी बाजू उघडी. आईने रात्री येऊन मूल त्यात ठेवावे, चक्र फिरवावे, घंटा ओढावी आणि अंधारात निघून जावे. आत बसलेल्या बाईने मूल उचलून घ्यावे. टाकणारी आणि घेणारी यांची नजरानजर होऊ नये, एवढेच त्या यंत्राचे प्रयोजन. नेपल्सच्या परिसरात या चक्रातून आत गेलेल्या असंख्य मुलांना 'एस्पोसितो', म्हणजे उघड्यावर टाकलेला, असे आडनाव मिळाले, आणि ते आडनाव आज तिथे इतके सर्वत्र पसरले आहे की ते धारण करणाऱ्याला आपल्या कोणत्या पूर्वजाच्या पाठीमागे कोणत्या रात्री चक्र फिरले हे ठाऊक नसते. फ्लॉरेन्समधील चक्र १८७५ मध्ये बंद झाले. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

लंडनची हकीकत अधिक सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथले दप्तर अधिक बोलके आहे. थॉमस कोरम नावाचा एक जहाजाचा कप्तान, समुद्रावरची नोकरी संपवून लंडनमध्ये राहू लागला असता, कामानिमित्त शहरात ये-जा करताना रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली, काही जिवंत, काही मेलेली अर्भके वारंवार पाहून अस्वस्थ झाला, आणि सतरा वर्षे सरदारांच्या व त्यांच्या बायकांच्या दारी अर्ज घेऊन हिंडल्यावर १७३९ च्या १७ ऑक्टोबरास त्याला अशा मुलांसाठी संस्था काढण्याची दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद मिळाली. १७४१ च्या मार्चमध्ये पहिल्या रात्री तीस मुले घेऊन दार बंद करावे लागले. मागणी इतकी की पुढल्या वर्षापासून पिशवीतल्या गोट्यांनी निवाडा होऊ लागला: आईने पिशवीत हात घालावा; पांढरी गोटी निघाली तर मूल आत, तांबडी निघाली तर थांबून राहावे, काळी निघाली तर मूल घेऊन परत जावे. या सोडतीच्या दिवशी प्रतिष्ठित स्त्रीपुरुष बघ्यांच्या बाकांवर येऊन बसत. हॉगार्थ या चित्रकाराने संस्थेसाठी चित्रे दिली, हँडेल या संगीतकाराने आपल्या 'मसाया' या भक्तिपर संगीतरचनेचे प्रयोग १७५० पासून तिच्या मदतीसाठी केले; दया त्या काळी नागरी संस्कृतीचे भूषण होऊन बसली होती, आणि तिच्यामुळे शेकडो जीव वाचले हे कोणी नाकारू नये.

मूल आत घेताना त्याच्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचणीने लावून ठेवत. आईने स्वतः खूण दिली तर ती जपून ठेवत: अर्धे नाणे, फुटका बिल्ला, बदामाच्या आकाराचे कापड. असे सुमारे पाच हजार तुकडे आजही त्या दप्तरात आहेत, आणि अठराव्या शतकातल्या सामान्य इंग्रज बायका काय नेसत होत्या हे सांगणारा याहून मोठा संग्रह ब्रिटनमध्ये दुसरा नाही. फुलाफुलांच्या छिटाचा, निळ्या चौकटीच्या लिननचा, फितीच्या गाठीचा प्रत्येक तुकडा एकेका वियोगाचा दस्तऐवज आहे. त्यानंतर मुलाचा बाप्तिस्मा होई आणि त्याला नवे नाव दिले जाई. जुने नाव कागदाच्या घडीत मोहोरबंद राही. १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ मुले घेण्यात आली. त्यांपैकी आईबापांनी परत नेलेली मुले १५२.

१७५६ मध्ये पार्लमेंटने संस्थेस अनुदान दिले व त्याबरोबर येईल त्या मुलाला घेतलेच पाहिजे अशी अट घातली. पुढच्या चार वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यातून, गाडीवानांच्या टोपल्यांतून सुद्धा, जवळजवळ पंधरा हजार मुले दारात येऊन पडली आणि त्यांतली दोनतृतीयांश मेली. अनुदान थांबले, दार पुन्हा आवळले गेले. या मृत्यूंची चर्चा त्या काळी खूप झाली व पुढील इतिहासकारांनीही केली आहे. माझे लक्ष मात्र जगलेल्या मुलांकडे वेधले जाते. संस्थेत राहणारी अर्भके मरतात हे अनुभवाने कळल्यामुळे व्यवस्थापकांनी प्रत्येक मुलाला खेड्यातल्या एखाद्या दाईकडे पाठवण्याची पद्धत ठेवली होती. तिथे ते त्या बाईचे दूध पिऊन, तिच्या मुलांबरोबर मातीत खेळून, तिलाच आई म्हणून वाढे. आणि पाच वर्षांचे झाले की संस्थेची गाडी येई व त्याला लंडनला परत नेई. तिथे तपकिरी गणवेश, घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, रांगेतल्या खाटा. ज्याला एकदा अजाणतेपणी टाकले होते, त्याला आता जाणतेपणी दुसऱ्यांदा टाकले जाई. हा क्रम संस्थेचे शेवटचे निवासी विद्यालय १९५४ मध्ये बंद होईपर्यंत चालू होता. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. पाच वर्षांच्या मुलाने रात्री उशीत तोंड खुपसून कोणाला हाक मारली याची नोंद करण्यास वहीत रकाना नव्हता, इतकेच.

फ्रान्सविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. १७६२ मध्ये 'एमिल' हा ग्रंथ लिहून ज्याने बालशिक्षणाचा नवा विचार युरोपला दिला, त्या रूसोने आपली पाचही मुले जन्मताच पॅरिसच्या अनाथालयात सोडली होती, आणि हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे.

आता १८७५ या सालाकडे येऊ. फ्लॉरेन्सचे चक्र ज्या वर्षी थांबले त्याच वर्षी पंढरपुरात एक पाळणा टांगला गेला. न्यायखात्यात नोकरीस असलेले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ त्या वेळी पंढरपुरास होते. प्रार्थना समाजाच्या विचारांचे हे मनुष्य, आपल्या अधिकाराच्या खुर्चीवरून जे पाहत होते ते त्यांना केवळ शिक्षा ठोठावून मिटवता येईना. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत लाखभर माणसांच्या लोंढ्यात आपला चेहरा हरवेल, या आशेने गावोगावच्या विधवा येत. चंद्रभागेच्या वाळवंटात नवजात अर्भके सापडत, आणि पाठोपाठ जाबजबाब, पंचनामा, खटला. त्रवाडींनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृहाची स्थापना केली. तीच संस्था पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने बालकाश्रम म्हणून नावारूपास आली.

त्याहूनही बारा वर्षे आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्याच घरी असे गृह उघडले होते आणि गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा इथेच ठेवावे, अशा अर्थाची पत्रके भिंतींवर चिकटवली होती. त्या घरात बाळंतिणींचे व मुलांचे सारे सावित्रीबाईंनी केले. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्या उभयतांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच साथीत गेल्या. फ्लॉरेन्सच्या आणि लंडनच्या दारांपेक्षा हे दार एका बाबतीत निराळे होते, आणि तो भेद मला फार मोलाचा वाटतो: इथे मुलाबरोबर आईलाही आत घेत होते. चक्राचे काम दोघांची ताटातूट बिनबोभाट करण्याचे होते. फुल्यांच्या घरात आई मुलाला पाजू शकत होती, आणि तिने ठरवले तर त्याला घेऊन जाऊ शकत होती.

कारण इथे टाकणारी स्वतःच बहुधा पोर असे. सातव्या-आठव्या वर्षी लग्न, दहाव्या-बाराव्या वर्षी कपाळ पांढरे, मग केशवपन, अळवणी जेवण, घरातले सर्वात जड काम आणि सर्वात अंधारी खोली; हसणे हा अपराध, आरशात पाहणे हा अपराध; आणि एवढ्यावर कुटुंबातल्याच किंवा शेजारच्या कोणा पुरुषाने तिचा फायदा घेतला की पुढले सारे पाप तिचे एकटीचे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. पण त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली तिने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले आणि न्यायाधीशांसमोर जो उभा केलाच नाही त्या पुरुषाचा जाब विचारला. बालविधवेचे वर्णन करताना आपल्या जुन्या कादंबऱ्यांतून व आठवणींतून एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो: अकाली प्रौढ. ती विशीत म्हातारी दिसू लागली, असे लोक म्हणत. आणि आपण त्यास अलंकारिक बोलणे समजत आलो.

पंढरपूरच्या बाबतीत आणखी एक आठवण होते. परंपरा सांगते की गंगाखेडच्या दमाने आपली लहानगी मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आणून ठेवली, आणि ती तिथे दासी म्हणून वाढली. तिलाच आपण जनाबाई म्हणून ओळखतो. दळिता-कांडिता जिने विठ्ठलालाच आपल्या जात्याशी आणून बसवले, त्या बाईच्या भक्तीचा उगम शोधू पाहणाऱ्याने, दुसऱ्याच्या दारात एकट्या सोडलेल्या त्या मुलीला विसरू नये असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

येथवर ज्या शोकाची कोणी नोंद केली नव्हती ती करणारा मनुष्य म्हणजे रने स्पिट्झ. व्हिएन्नात जन्मलेला हा वैद्य दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत होता. त्याने दोन ठिकाणच्या अर्भकांची तुलना केली. एक होते अनाथालय: स्वच्छ, निर्जंतुक, आहार उत्तम, वैद्यकीय देखरेख चोख, पण एकेका दाईच्या वाट्याला आठ-आठ मुले, आणि खाटांच्या कठड्यांवर चादरी टांगलेल्या, त्यामुळे मुलाला दिवसभर छताखेरीज काही दिसत नसे. दुसरे होते स्त्रियांच्या तुरुंगातले पाळणाघर, जिथे कैदी आया आपल्या मुलांना स्वतः सांभाळत. तुरुंगातली मुले वाढली, रांगली, बोलली; त्यांतले एकही दगावले नाही. अनाथालयातल्या ९१ मुलांपैकी ३४ दोन वर्षांच्या आत मेली. १९४६ मध्ये स्पिट्झने आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. तुरुंगातल्या काही मुलांना, ती सहा ते आठ महिन्यांची असताना, प्रशासकीय कारणांसाठी आईपासून दूर ठेवावे लागले. ती आधी रडरड करू लागली, मग रडणे थांबवून भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली, वजन घटले, झोप गेली, चेहरा थिजला. तीन महिन्यांत आई परत आली तर मूल सावरे. पाचव्या महिन्यानंतर ते सावरणे अवघड होत जाई. ज्याला टेकून राहायचे तो आधारच निखळल्याने येणारा विषाद, अशा अर्थाचे नाव त्याने या अवस्थेला दिले. विषाद हा शब्द आपण गीतेमुळे विचारी, प्रौढ पुरुषाच्या मनःस्थितीसाठी राखून ठेवला आहे. सात महिन्यांच्या मुलाला तो होऊ शकतो हे सांगणाऱ्या त्याच्या चित्रफिती पाहून त्या काळचे डॉक्टरही हादरले.

१९५१ मध्ये जॉन बोल्बी याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला, आणि पश्चिमेतली मोठमोठी अनाथालये हळूहळू मोडीत निघू लागली. १९७८ मध्ये जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधील स्त्रियांच्या पाहणीवरून दाखवले, की अकरा वर्षांच्या आत आई गमावलेली स्त्री पुढे संकट आले असता नैराश्याने अधिक सहज ग्रासली जाते. त्यानंतर १९९८ मध्ये सॅन डिएगो येथे फेलिट्टी व अँडा या डॉक्टरांनी सुमारे साडेनऊ हजार प्रौढांना त्यांच्या बालपणातल्या मारझोडीविषयी, अत्याचाराविषयी, घरातल्या दारूविषयी, तुरुंगात गेलेल्या किंवा मनोरुग्ण असलेल्या आप्तांविषयी प्रश्न विचारले, आणि ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात नैराश्य, व्यसने व आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका चौपटीपासून बारापटीपर्यंत वाढलेला आढळला. इतकेच नव्हे, तर हृदयाचे व फुप्फुसाचे विकारही याच पायऱ्यांनी चढत गेलेले दिसले. हे आकडे समुदायाविषयी बोलतात, एकेका मुलाच्या ललाटीचा लेख म्हणून ते वाचता कामा नयेत. यशवंत फुल्यांसारखी माणसे त्या ललाटलेखाला पुरून उरतात. तरीही बालपणाचे दुःख आणि चाळिशीतला हृदयविकार हे एकाच हिशेबात येऊ शकतात, हे या पाहणीने प्रथमच इतक्या ठसठशीतपणे मांडले.

आणि मग रुमानिया. १९६६ च्या ऑक्टोबरात चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातास बंदी केली. देशाची लोकसंख्या वाढवायची होती. मुले जन्मली, घरे दरिद्री होती, आणि सरकार म्हणे, तुम्हाला पोसवत नसेल तर आमच्या हवाली करा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या त्या सरकारी संस्थांना रुमानियन भाषेत जे नाव होते त्याचा अर्थ आहे 'पाळणा'. १९८९ च्या डिसेंबरात राजवट कोसळली तेव्हा अशा निरनिराळ्या संस्थांत एक लाखाहून अधिक मुले असल्याचे जगाला कळले. पाहण्यास गेलेल्या लोकांनी लिहून ठेवलेली एक गोष्ट अंगावर काटा आणते: शेकडो अर्भकांच्या त्या दालनांत शांतता होती. रडून कोणी येत नाही हे कळले की मूल रडत नाही.

२००० च्या सुमारास नेल्सन, फॉक्स व झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये एक काम हाती घेतले. संस्थांतली सहा ते एकतीस महिने वयाची १३६ मुले त्यांनी निवडली. त्यांतल्या निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, पगार देऊन तयार केलेल्या पालक कुटुंबांत ठेवले, आणि उरलेली संस्थांत राहिली. तिथे पालक कुटुंबाची पद्धत तोवर जवळजवळ नव्हतीच, म्हणून संशोधकांना ती आधी उभी करावी लागली. ही सोडत कोरमच्या संस्थेतील पांढऱ्या-काळ्या गोट्यांची आठवण करून देते व मन अस्वस्थ करते. मात्र संस्थेत राहिलेल्या मुलांना पुढे सरकारने कोणाच्या घरी पाठवायचे ठरवले तर आड यायचे नाही, असे संशोधकांनी आरंभीच बांधून घेतले होते. घरी गेलेली मुले, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धीत, बोलण्यात, आपलेपणा जोडण्यात पुढे गेली. साडेचार वर्षांच्या वयात त्यांच्यात, विशेषतः मुलींत, चिंता व उदासीनतेचे विकार कमी आढळले. 'माय मरो, मावशी जगो' असे आपल्या बायका पिढ्यानपिढ्या म्हणत आल्या, त्याची ही साक्ष. मावशी रक्ताचीच लागते असे नाही, पण ती एक लागते, आणि ती तीच असावी लागते.

याच मुलांच्या शरीरात पुढचा शोध लागला. उपरण्याचे सूत उसवू नये म्हणून विणकर जसा दशांना पीळ देतो, तसे आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना निसर्गाने संरक्षक शेवट दिलेले असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागली की ते किंचित झिजतात, आणि फार झिजले की पेशी विभागायची थांबते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शॉस्टाक यांना यावरील कामासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ मध्ये स्टेसी ड्र्युरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुखारेस्टच्या मुलांच्या गालाच्या आतल्या पेशी तपासून प्रसिद्ध केले, की ज्या मुलाचा लहानपणीचा अधिक काळ संस्थेत गेला, त्याचे टेलोमिअर सहा ते दहा वर्षांच्या वयातच अधिक आखूड होते. त्यानंतर २०१३ मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी आनुवंशिक द्रव्यावरील ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून शरीराचे वय सांगणारे एक घड्याळ तयार केले, आणि अशा घड्याळांनी केलेल्या अनेक अभ्यासांत बालपणी छळ सोसलेल्यांचे शारीरिक वय जन्मतारखेच्या पुढे धावताना दिसले. सरासरीने पाहता नैराश्याने ग्रासलेल्या प्रौढांतही टेलोमिअर आखूडच आढळतात. ही मापे अजून कच्ची आहेत, एका माणसाच्या बाबतीत त्यांवर फारसे विसंबता येत नाही. पण धागा कोठून कोठे जातो याचा अंदाज बांधता येतो. भीतीच्या काळात स्रवणारे कॉर्टिसॉल हे द्रव्य, जे घटकाभराच्या संकटासाठी आहे, ते वर्षानुवर्षे कमीजास्त होत राहते. अंगात मंद दाह धुमसत राहतो. आणि मन खचणे व देह झिजणे ही एकाच मुळाची दोन पाने होऊन बसतात. विशीत म्हातारी दिसणारी बालविधवा हे अलंकारिक बोलणे नव्हते.

२००५ पासून रुमानियात दोन वर्षांखालील मुलाला, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवण्यास कायद्याने मनाई झाली. शतकानुशतके चालत आलेल्या एका व्यवस्थेविरुद्ध एका मुलाच्या न ऐकू आलेल्या रडण्याने जी साक्ष दिली, तिचा परिणाम या कायद्याच्या कलमांत थोडातरी उतरला असावा.

लंडनच्या दप्तरातील एक नोंद मला या सर्व वाचनानंतर विसरता येत नाही. १७६७ च्या फेब्रुवारीत सारा बेंडर नावाच्या एका बाईने आपला चार्ल्स संस्थेत दिला. खूण म्हणून तिने निरनिराळ्या कापडांचे तुकडे जोडून एक गोधडीवजा पट्टी शिवली, तिच्यावर दोऱ्याने बदाम भरला, मुलाची व आपली आद्याक्षरे काढली, आणि ती मधोमध कापून अर्धी संस्थेला दिली, अर्धी स्वतःजवळ ठेवली. संस्थेने मुलाचे नाव बेंजामिन ट्वर्ल असे ठेवले. आठ वर्षांहून अधिक काळ गेला. १७७५ च्या १० जूनला ती आपला अर्धा तुकडा घेऊन आली. कारकुनाने दुसरा अर्धा काढून टेबलावर त्याला लावून पाहिला, बदामाच्या कडा एकमेकींना भिडल्या, आणि मूल तिच्या स्वाधीन करण्यात आले. बुखारेस्टच्या ज्या मुलांनी आपल्या गालातल्या पेशी दिल्या, त्यांच्याच वयाचा तो मुलगा होता. त्या सकाळी त्याला बोलावून आणले, दोन नावांपैकी कोणते त्याने ऐकले असेल कोण जाणे, आणि एका अनोळखी बाईने पुढे होऊन त्याचा हात धरला.